लस लागू पडली म्हणजे काय?

बोरिवलीला एके काळी सरकारी बेकन फॅक्टरी होती, हे आजच्या बोरिवलीकराला सांगितलं तर तो आधी हसतो. पण होती. स्वातंत्र्यानंतरच्या योजनांत वराहपालनाला आधुनिक धंद्याचं रूप द्यायचं ठरलं आणि पश्चिम बंगालात हरिणघाटा, आंध्रात गन्नवरम, उत्तर प्रदेशात अलीगढ आणि मुंबईत बोरिवली अशा ठिकाणी डुकराच्या मांसावर प्रक्रिया करणारे कारखाने उभे राहिले. त्यांना माल पुरवायला लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लँड्रेस अशा पांढऱ्या, लांब अंगाच्या विलायती जाती आल्या. गावठी काळं डुक्कर गटाराकाठी वाढतं. ते मेलं तर त्याची नोंद कुणी ठेवत नाही. सरकारी फार्मवरचं डुक्कर मेलं की मात्र कागद तयार होतो. आपल्याकडच्या स्वाइन फिवरचा लेखी इतिहास याच सुमारास भरू लागतो, त्याचं निम्मं कारण हे असावं. १९६२ साली ‘इंडियन व्हेटर्नरी जर्नल’मध्ये सप्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या स्वाइन फिवरवरची निरीक्षणं छापली. १९६४पासून या रोगाची लस देशात वापरात आली.

म्हणजे साठ वर्षं लस आहे, आणि साठ वर्षं रोगही आहे. डुकरं पाळणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, “टोचली होती की लस, तरी पटापट गेली.” डॉक्टरांना विचारा, ते म्हणतील, “लस चांगलीच आहे, तुम्ही टोचायला उशीर केला.” लस बनवणारी संस्था चाचणीचा अहवाल पुढे करते आणि त्यात लस टोचलेलं एकही डुक्कर मेलेलं नसतं. तिघंही खरं बोलत असतात. गोंधळ ‘लस लागू पडली’ या आपल्या ढोबळ बोलण्यात आहे. डुक्कर मरू नये, डुकराला तापच येऊ नये, त्यानं शेजारच्या डुकराला रोग देऊ नये आणि गाभण मादीच्या पोटातल्या पिल्लांपर्यंत विषाणू पोचू नये, या चार निरनिराळ्या अपेक्षा आहेत. चारींची परीक्षा वेगळी. आपण पहिलीचा निकाल पाहतो आणि उरलेल्या तिन्ही पास झाल्या असं धरून चालतो.

रोगाची ओळख थोडक्यात. क्लासिकल स्वाइन फिवर हा फक्त डुकरांचा आणि रानडुकरांचा रोग. माणसाला त्याची बाधा होत नाही आणि २००९च्या स्वाइन फ्लूशी त्याचं काही नातं नाही. त्या वर्षी मुंबईत तोंडाला रुमाल बांधून लोकांनी डुकरांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती या बिचाऱ्या प्राण्याच्या वाट्याला फुकटच आली. माणसांत पसरलेला तो फ्लू माणसांकडूनच माणसांना होत होता. स्वाइन फिवरची पहिली ठळक नोंद १८३०च्या दशकातली, अमेरिकेतल्या ओहायोतली. तिकडे त्याला ‘हॉग कॉलरा’ म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉर्सेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कारण विषाणू आहे हे दाखवलं आणि लगोलग उपायही काढला: एका बाजूला रोगातून वाचलेल्या डुकराचा सीरम टोचायचा, दुसऱ्या बाजूला जिवंत, जहाल विषाणू. टोचलेलं डुक्कर वाचे. पण तेच डुक्कर विषाणू बाहेर टाकत राही आणि शेजारच्या शेतावर साथ जाई. पहिल्या अपेक्षेत पहिला नंबर, तिसरीत नापास, असं हे जुनं उदाहरण आहे. अमेरिकेनं १९६२मध्ये निर्मूलनाची मोहीम हाती घेतली, १९६९च्या सुमारास लसीकरणच थांबवलं आणि १९७८मध्ये देश रोगमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

लशीची खरी परीक्षा कशी घेतात, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. सहा-सात आठवड्यांची, आईचं दूध तुटलेली पिल्लं निवडतात. त्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं नसावी लागतात. इतकंच काय, गाईगुरांत आढळणाऱ्या याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूविरुद्धचीही चालत नाहीत, कारण तीही थोडंफार संरक्षण देऊन निकाल फसवू शकतात. कानात बिल्ले घालून पाच-पाचाचे दोन गट करतात. एका गटाला लशीची मात्रा चाळीसपट पातळ करून टोचतात, दुसऱ्याला एकशे साठपट पातळ करून. आणखी दोन पिल्लांना काहीच टोचत नाहीत. चौदा दिवसांनी सगळ्यांना जहाल विषाणू देतात आणि पुढचे दोन आठवडे रोज पाहतात.

लस एवढी पातळ का करायची, असं कुणीही विचारेल. कारण पूर्ण मात्रेत बरी लस आणि उत्तम लस सारखीच दिसते. दोन्हीकडे सगळी पिल्लं वाचतात. ती जिथे हरू लागते, तिथवर तिला पातळ करत न्यावं लागतं. ज्या प्रमाणात निम्मी पिल्लं वाचतात, त्यावरून लशीची ताकद मोजतात. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या निकषानुसार जिवंत लशीच्या एका मात्रेत अशा शंभर ‘निम्म्या-संरक्षक’ मात्रा असाव्या लागतात. म्हणजे एका मात्रेचा शंभरावा हिस्साही निम्म्या पिल्लांना वाचवू शकला पाहिजे. हा उदारपणा उगाच ठेवलेला नाही. लशीनं पुढे जो प्रवास करायचा असतो, त्यातली गळती आधीच धरलेली असते.

मग रोजचं काम सुरू होतं. सकाळी गुदद्वारात थर्मामीटर. चाळीस अंश सेल्सियसच्या वर गेलं की खूण करायची. एक दिवसाआड रक्त काढून पांढऱ्या पेशी मोजायच्या, कारण त्या ताप चढण्याच्या आसपासच घसरू लागतात. लस न टोचलेली दोन पिल्लं तीन-चार दिवसांनी एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडू लागतात. थंडी वाजते तशी. डोळ्यांच्या कडा चिकटतात, आधी शौचाला खडा होतो, मग हगवण लागते. उठवलं तर मागचं धड लटपटतं. नंतर कानांची टोकं, पोट आणि मांड्यांची आतली बाजू जांभळी पडते. पलीकडच्या कप्प्यात लस टोचलेल्या पिल्लांपैकी एखाद्याला एक दिवस कणकण येते आणि ते खाद्याच्या कुंडीपाशी उशिरा येतं. ही ‘उशिरा येणं’ची नोंद मला अहवालातल्या सगळ्यात मोलाच्या नोंदींपैकी वाटते. ते पिल्लू मेलं नाही, म्हणून तक्त्यात ‘संरक्षित’ म्हणून जाईल. पण त्या एका दिवसात त्याच्या नाकातून, शेणातून किती विषाणू बाहेर पडला, हा प्रश्न या चाचणीनं विचारलेलाच नाही.

असली परीक्षा मुंबईत होणं शक्य नाही आणि होऊही नये. परळला १८८६पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, गोरेगावला आरेच्या बाजूला त्याची जागा आहे. पण जहाल विषाणू मुद्दाम डुकरांना देण्यासाठी हवा गाळणारी, सांडपाणी निर्जंतुक करूनच बाहेर सोडणारी बंदिस्त इमारत लागते. देशात अशा कामासाठी भोपाळची उच्च-सुरक्षा पशुरोग संस्था आहे. शिवाय ज्या दोन पिल्लांना काहीच टोचत नाहीत ती मरण्यासाठीच आणलेली असतात, त्यामुळे प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीला दर वेळी हिशेब द्यावा लागतो. म्हणून लशीच्या प्रत्येक खेपेसाठी डुकरं न मारता, खेपेतला जिवंत विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर मोजावा आणि त्यावरून ताकदीचा अंदाज बांधावा, असा कल आता जगभर आहे. मला तो योग्य वाटतो. एकदा नातं नीट बसलं की त्याच प्रश्नाचं उत्तर पुन्हा पुन्हा जीव घेऊन मिळवण्यात अर्थ नाही.

ज्या लशीची ही परीक्षा व्हायची, ती आपल्याकडे सशांतून येत होती. १९५०च्या दशकात चीनमध्ये हा विषाणू सशातून सशात शेकडो वेळा फिरवून मवाळ केला गेला. ‘चायना स्ट्रेन’ म्हणतात तो हाच, आणि आजही जगातली ती सगळ्यात भरवशाची लस आहे. आपल्याकडे ब्रिटनमधल्या वेब्रिजचा, सशांतूनच मवाळ केलेला वाण आला. पद्धत अशी: सशाला विषाणू टोचायचा, ताप चढण्याची वाट पाहायची, मग ससा मारून त्याची प्लीहा काढायची, ती वाटून, गाळून, गोठवून वाळवायची आणि काचेच्या कुपीत बंद करायची. एका सशातून पन्नास मात्रा. आणि देशाची वर्षाची गरज केंद्र सरकारच्या आकड्यानुसार २ कोटी २० लाख मात्रा. भागाकार ज्यानं त्यानं करावा. प्रत्यक्षात वर्षाला जेमतेम १२ लाख मात्रा तयार होत.

लशीच्या यशापयशाच्या चर्चेत हा आकडा मागे पडतो, आणि तो पहिला यायला हवा. वीस डुकरांमागे जेमतेम एकाला लस मिळत असेल, तर लस लागू पडते की नाही हा प्रश्न बाकी एकोणीस जणांच्या दृष्टीनं गैरलागू आहे. मुंबईच्या उपनगरात दहा-पंधरा डुकरं बाळगणाऱ्याला ती मिळायची शक्यता तर आणखी कमी. कारण मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यानुसार आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय इथे डुक्कर पाळताच येत नाही. ज्याच्याकडे परवानगी नाही, त्याच्याकडे डुकरं आहेत हे सरकारदरबारी कुणालाच ठाऊक नसतं, आणि जे ठाऊक नाही त्याला लस कोण टोचणार? तो माणूसही सरकारी दवाखान्यात जात नाही. गेला तर लशीआधी नोटीस यायची भीती.

सशांचा हा जाच संपवण्याचं काम बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेनं केलं. ही संस्था मूळची आपल्या पुण्याची. १८८९च्या डिसेंबरात पुण्याच्या सायन्स कॉलेजात तिची सुरुवात झाली आणि पुढे चार वर्षांत ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. संस्थेनं आधी जुना वाणच पेशीसंवर्धनावर वाढवला आणि नंतर भारतात सापडलेल्या विषाणूपासून नवी लस तयार केली. फेब्रुवारी २०२०मध्ये केंद्र सरकारनं ती जाहीर केली. तेव्हा सशाची लस मात्रेला १५ ते २५ रुपये होती, कोरियातून येणारी ३०च्या आसपास, आणि ही नवी साधारण दोन रुपये. टोचल्यापासून चौदाव्या दिवशी संरक्षण सुरू होतं आणि तपासलं तिथवर, म्हणजे अठरा महिने, टिकतं, असा संस्थेचा दावा आहे. देशात निरनिराळ्या ठिकाणी काहीशे डुकरांवर ती पडताळूनही पाहिली गेली. दोन रुपयांची लस आणि दीड वर्षाचं संरक्षण: कागदावर स्वाइन फिवरचा प्रश्न इथे सुटतो. मांसासाठी पाळलेलं डुक्कर दीड वर्ष जगतच नाही, त्याआधीच ते विकलं जातं.

पण चौदा दिवस आणि अठरा महिने हे आकडे ज्या डुकरावरून आले, ते डुक्कर कोणतं? निरोगी, वय ठाऊक असलेलं, जंताचं औषध दिलेलं, आणि मुख्य म्हणजे ज्याच्या रक्तात आधीची प्रतिपिंडं नाहीत असं. प्रत्यक्षातल्या पिल्लाची गोष्ट जन्मापासूनच वेगळी असते. डुकरीण लस टोचलेली असेल, तर तिच्या चिकातून प्रतिपिंडं पिल्लाला मिळतात. पिल्लू जन्मतः रिकामंच असतं. पोटात असताना त्याला आईकडून प्रतिपिंडं मिळत नाहीत, जे काही मिळतं ते पहिल्या दिवसाच्या चिकातून. हे संरक्षण पाच-सहा आठवडे बरं टिकतं आणि मग ओसरत जातं. या काळात पिल्लाला जिवंत लस टोचली, तर आईची प्रतिपिंडं लशीतल्या विषाणूलाच गाठून संपवतात. लस टोचल्याची नोंद होते, संरक्षण मात्र होत नाही. उशीर केला तर मधल्या फटीत खरा विषाणू शिरतो. म्हणून सातव्या-आठव्या आठवड्याच्या आसपास टोचा, असं सांगतात. ज्याच्याकडे जन्मतारीख लिहिलेली आहे, त्याला हे सोपं. ज्यानं पिल्लं बाजारातून आणली, त्यानं कुणाचा शब्द धरायचा?

त्यातही एकाच वेतातली सगळी पिल्लं सारखी नसतात. डुकरिणीच्या पुढच्या सडांना दूध जास्त असतं आणि दांडगी पिल्लं ते पहिल्या दिवसापासून बळकावतात. मागं ढकललेल्या पिल्लाला चीक कमी मिळतो, म्हणजे प्रतिपिंडंही कमी. गंमत अशी की लस घ्यायला तेच पिल्लू लवकर तयार होतं. दांडग्या भावंडाला त्याच दिवशी टोचलेली लस वाया जाऊ शकते.

असं काही झालं का, हे शोधायची परीक्षा रक्ताची. रक्तातल्या सीरमला दुपटीदुपटीनं पातळ करत नेतात, प्रत्येक पातळीवर ठरावीक विषाणू मिसळतात आणि ते मिश्रण पेशींच्या थरावर सोडतात. विषाणू वाढला तर त्या जागी पेशी रंग दिल्यावर तांबूस-तपकिरी दिसतात. प्रतिपिंडांनी तो निकामी केला असेल तर थर कोरा राहतो. बत्तीसपट पातळ केल्यावरही थर कोरा राहिला, तर ते डुक्कर बहुधा सुरक्षित आहे असा अनुभव आहे. ‘बहुधा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. जिवंत लशीनं प्रतिपिंडं दिसायच्या आधीच, चार-पाच दिवसांत डुक्कर वाचू लागतं. तेव्हा रक्त कोरं असतं आणि तरीही जनावर सुरक्षित असतं. त्यामुळे एकट्या रक्तावरून ‘लस फुकट गेली’ म्हणणं जितकं घाईचं, तितकंच भरघोस प्रतिपिंडं दिसली म्हणून ‘लस फळली’ म्हणणंही. ती प्रतिपिंडं रोगानं आणलेली असू शकतात.

हाच मुद्दा युरोपात फार महागात पडला. युरोपीय देशांनी १९९०च्या सुमारास स्वाइन फिवरचं सरसकट लसीकरण थांबवलं होतं. १९९७मध्ये नेदरलँड्समध्ये साथ शिरली आणि ती आवरेपर्यंत एक कोटीहून अधिक डुकरं मारली गेली. त्यातली बहुतेक रोगट नव्हती. हालचालींवर बंदी आल्यामुळे त्यांना विकता येईना, गोठ्यात जागा उरेना, म्हणून मारली. चांगली लस त्या वेळी उपलब्ध होती. पण लस टोचलेल्या आणि रोग होऊन गेलेल्या डुकराचं रक्त सारखंच दिसतं. लस टोचली की आपला देश रोगमुक्त आहे हे सिद्ध करता येत नाही, आणि ते सिद्ध झालं नाही की मांसाची निर्यात बंद. विज्ञानाच्या परीक्षेत लस पास झाली होती, व्यापाराच्या परीक्षेला तिला बसूच दिलं नाही. त्यानंतर फरक ओळखता येईल अशा ‘मार्कर’ लशींवर जोर आला. विषाणूच्या बाहेरच्या एका प्रथिनाचीच लस करायची आणि रक्तात दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं शोधायची. ती सापडली तर खरा रोग झाला. या लशींची शंभर टक्के हमी मिळाली नाही, आणि संरक्षण सुरू व्हायला जिवंत लशीपेक्षा जास्त दिवस लागले. २०१५मध्ये युरोपात परवानगी मिळालेल्या जिवंत मार्कर लशीनं ही उणीव बरीच भरून काढली. त्या खटपटीतून तिसऱ्या अपेक्षेची नीट परीक्षा मात्र जन्माला आली: लस टोचलेल्या डुकराला रोग द्यायचा, त्याच कप्प्यात लस टोचलेलं दुसरं डुक्कर सोडायचं आणि त्याला लागण होते का ते पाहायचं. एका आजारी डुकराकडून सरासरी एकाहून कमी डुकरांना लागण झाली, तर साथ विझते. आपल्याकडे लशीच्या अहवालात हा आकडा क्वचितच मागितला जातो. मला विचाराल तर मी मृत्यूच्या आकड्याआधी तो मागेन.

चौथ्या अपेक्षेची परीक्षा सगळ्यात खर्चीक, म्हणून सगळ्यात दुर्लक्षित. गाभण मादीला मंद विषाणूची लागण झाली, तर ती स्वतः ठणठणीत दिसते, पण पोटातल्या पिल्लांना विषाणू पोचतो. काही मरतात, काही जिवंत जन्मतात आणि महिनोन्‌महिने विषाणू सोडत राहतात. त्यांचं शरीर त्या विषाणूला आपलाच समजत असतं, म्हणून त्यांच्या रक्तात प्रतिपिंडंही दिसत नाहीत. वाड्यातली एकटी डुकरीण तपासली नाही, म्हणून सगळ्यांची लस वाया जाते.

आणि मग २०२० उजाडलं. ज्या वर्षी सरकारनं क्लासिकल स्वाइन फिवरची स्वस्त लस जाहीर केली, त्याच वर्षाच्या सुरुवातीला आसाम आणि अरुणाचलमध्ये डुकरं मरू लागली, आणि भोपाळच्या संस्थेनं निदान केलं: आफ्रिकन स्वाइन फिवर. नाव सारखं, लक्षणं जवळजवळ सारखी, विषाणू मात्र सर्वस्वी वेगळा. हा डीएनए विषाणू, दीडशेहून अधिक जनुकांचा, १९२१मध्ये केनियात माँटगोमेरीनं पहिल्यांदा वर्णन केलेला. जुनी लस याच्यावर काडीच्याही उपयोगाची नाही. गावात दोन्ही रोगांत फरक करायला प्रयोगशाळा नसते, त्यामुळे लस टोचलेली डुकरं आफ्रिकन तापानं मेली की बोल जुन्या लशीला लागतो. पुढच्या वर्षी एकट्या मिझोराममध्ये हजारोंनी डुकरं गेली. नंतर केरळ, पंजाब, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश इथूनही बातम्या आल्या.

आफ्रिकन तापाच्या लशीचा इतिहास म्हणजे घाईनं घेतलेल्या परीक्षेचा इतिहास आहे. १९५७मध्ये हा रोग पोर्तुगालमध्ये शिरला, तो लिस्बनच्या विमानतळाजवळच्या डुकरांना विमानातलं उरलंसुरलं अन्न घातल्यामुळे. १९६०च्या दशकात इबेरियन द्वीपकल्पात मवाळ केलेल्या विषाणूची लस लाखो डुकरांना टोचली. डुकरं लगेच मेली नाहीत, पण कित्येकांना न्यूमोनिया, गळवं, कातडीचे व्रण झाले, आणि बरी दिसणारी अनेक विषाणू बाळगत राहिली. तेव्हापासून अर्धं शतक या रोगाची लस म्हटलं की शास्त्रज्ञ बिचकत. २०२०मध्ये अमेरिकेच्या प्लम आयलंड प्रयोगशाळेतल्या मान्युएल बोर्का, डग्लस ग्लॅड्यू आणि सहकाऱ्यांनी एक जनुक काढून टाकलेला विषाणू दाखवला. त्यांच्या चाचणीत टोचल्यावर अठ्ठावीस दिवसांनी जहाल विषाणू दिला तरी डुकरं तगली. व्हिएतनामनं २०२२मध्ये त्यावरून बनलेल्या लशीला परवानगी दिली. ऑगस्टमध्ये काही प्रांतांत लस टोचलेली डुकरं मेल्याच्या तक्रारी आल्या आणि वापर तात्पुरता थांबवावा लागला. तिथल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं, लस आठ-दहा आठवड्यांच्या मांसाच्या डुकरांसाठी होती, लोकांनी ती पैदाशीच्या माद्यांना आणि भलत्या वयाच्या डुकरांनाही टोचली. खरं असेल. पण लस हातात आली की माणूस ती आपल्या सगळ्यात महागड्या जनावराला आधी टोचणार, हे कुठल्याही गावात सांगता आलं असतं. २०२३मध्ये व्हिएतनामनं वापर पुन्हा खुला केला. दरम्यान, विषाणू डुकरातून डुकरात फिरवला की त्याची तीव्रता वाढू शकते, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं आणि चीन-व्हिएतनाममध्ये दोन प्रकारांच्या संकरातून तयार झालेल्या विषाणूपुढे ही लस तोकडी पडली. २०२५च्या मे महिन्यात जागतिक पशुआरोग्य संघटनेनं या लशींसाठी पहिलं प्रमाण मंजूर केलं. भारतात अजून अशी लस वापरात नाही, आणि तूर्त तेच शहाणपणाचं आहे.

आता लिस्बनची ती गोष्ट अंधेरीला आणून पाहा. सहार विमानतळाच्या भिंतीला लागून सहार, मरोळ, चकाला अशी ईस्ट इंडियन गावठाणं आहेत, जिथे लग्नाला आणि नाताळाला डुकराच्या मांसाचं सोरपोतेल शिजतं. उपनगरांत जी डुकरं आहेत, ती मुख्यतः हॉटेलं आणि खाणावळींच्या खरकट्यावर वाढतात. न शिजलेल्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसात आफ्रिकन तापाचा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. खरकटं उकळून घालावं, असा नियम सगळ्या सरकारी पत्रकांत आहे. पण उकळायला जळण लागतं आणि खरकटं लोक घेतात ते फुकट मिळतं म्हणून. आणि रोग सापडलाच तर केंद्राच्या कृती आराखड्याप्रमाणे एक किलोमीटरच्या घेऱ्यातली सगळी डुकरं मारायची आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. बोरिवली स्टेशनावर कंपासचं टोक ठेवून दहा किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर त्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग येतो, आणि तिथे रानडुकरं आहेत. त्यांना कोण मोजणार आणि कोण अडवणार?

मुंबईसाठी म्हणून एक गोष्ट मात्र करता येण्याजोगी आहे, आणि तिला नवी इमारत लागत नाही. देवनारचा कत्तलखाना १९७१पासून चालू आहे आणि तिथे डुकरांचा विभाग वेगळा आहे. चेंबूर-घाटकोपरपासून वांद्र्यापर्यंतच्या दुकानांत जे डुकराचं मांस दिसतं, त्यातलं बरंच इथून जातं. जनावर कापण्याआधी आणि नंतर पशुवैद्यकानं तपासायचंच असतं. रक्त तर वाहूनच जाणार असतं. त्यातलं पाच मिलीलिटर आणि घशाच्या टॉन्सिलचा एक तुकडा ठेवला, तर लशीच्या चाचण्यांमध्ये जे कधीच मिळत नाही ते मिळेल: खऱ्या डुकराच्या आयुष्याच्या शेवटी उरलेलं संरक्षण. टॉन्सिल यासाठी, की विषाणू शरीरात शिरला की आधी तिथेच वाढतो. मार्कर लस नसल्यामुळे रक्तातली प्रतिपिंडं लशीची की रोगाची, हे कळणार नाही. पण किती डुकरांच्या रक्तात काहीच नाही, हे कळेल. माझ्या मते सगळ्यात उपयोगी आकडा तोच आहे, कारण ‘काहीच नाही’ला दुसरा अर्थ क्वचितच असतो.

यासाठी डुकराला लस कधी आणि कुठे टोचली हे माहीत हवं. जनावरांच्या कानातला बारा आकडी बिल्ला आणि ‘भारत पशुधन’ची नोंद आता आहे, लस टोचताना डुकरालाही बिल्ला मारायचा असतो. देवनारला येणारी डुकरं मात्र अनेक हातांतून, अनेकदा परराज्यांतून येतात. व्यापाऱ्यानं बिल्ल्यासकट डुक्कर का आणावं? रक्तात विषाणू सापडला तर त्याचा ट्रक अडकेल, बाजार बंद होईल, दर पडतील. २००९च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्यात रोग कळवण्याची सक्ती आहे, आणि मारलेल्या जनावराची भरपाईही मिळू शकते. बाजार बंद राहिल्यानं बुडालेल्या आठवड्याची भरपाई मात्र त्याला कोण देणार? नमुन्यांचा उपयोग फक्त लशीचा अंदाज घेण्यासाठी होईल, सापडलेल्या एका डुकरापायी बाकी माल रोखला जाणार नाही, अशी हमी देणंही अवघड, कारण विषाणू खरोखर सापडला तर गप्प बसणं गुन्हा ठरेल. म्हणून सुरुवात निव्वळ प्रतिपिंडांपासून करावी, टॉन्सिल नंतर. तेवढ्यावरही व्यापारी कदाचित पहिले काही महिने नाक्यावरच बिल्ले कापून डुकरं आत आणतील. तसं झालं तर आत येणाऱ्या डुकरांचे कापलेले कान मोजावेत; किती डुकरांना लस टोचून झाली होती, याचा निदान एक आकडा त्यातूनही निघेल.